बघून शिकलेलं

आमच्या खोलीतली लाकडी पट्टी वडिलांच्या हातातून माझ्या हातात आली, तेव्हा मी सहावीत होते. त्याआधी पाच वर्षं ती त्यांच्याकडे होती आणि तिचा उपयोग फक्त माझ्यावर झाला होता. बारा इंची, जाड, एका कडेला पितळेची धार बसवलेली. मिलमधल्या कुठल्या तरी टेबलावरून ती आमच्याकडे आली होती. तिच्यावरचे आकडे झिजून गेले होते, त्यामुळे मोजण्याच्या कामाची ती राहिली नव्हती. देवाच्या फोटोशेजारी एका खिळ्याला ती टांगलेली असे. आई फोटो पुसायची तेव्हा पट्टीवरूनही फडकं फिरवायची.

नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. आम्ही तिघं होतो. वडील साचेवाले, म्हणजे मिलमध्ये माग चालवणारे. साचेखात्यात शेकडो माग एकाच वेळी चालत आणि त्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नसे. तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, शब्द फक्त तोंडानं करायचे. चार माग पलीकडचा माणूस ते बरोबर उचलायचा. वडिलांनी आयुष्याची बावीस वर्षं असं बोलण्यात घालवली. त्यांचे कान अर्धे गेले होते. घरात बोलले तर शेजारच्या तीन खोल्यांना ऐकू जाई, म्हणून खासगी काही असेल तर ते ओठांनीच बोलत. चाळीसमोरच्या पटांगणात ते बसलेले असले की आई खिडकीतून नुसतं तोंड हलवून ‘बांगडे आणा’ म्हणे, ते तिथूनच मान हलवत, आणि बांगडे येत. मीही ते वाचायचे. कधी शिकले ते आठवत नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्याच मुलांना ते येत असे आणि ते शिक्षण आहे असं कोणाला वाटत नसे.

वडील स्वतः शाळेत गेले नव्हते. गावाहून आल्यावर त्यांच्या मामानं त्यांना साच्यामागे उभं केलं आणि तीन महिने तोंडातून शब्द काढला नाही. एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली होती: हात बघ. तुटलेला धागा बोटांत कसा येतो, गाठ कशी बसते, आडवा धागा नेणारा धोटा कधी थांबवायचा, हे वडील बघून शिकले. त्यामुळे समजावून सांगणं ही गोष्ट त्यांना लबाडीची वाटे. मी भाकरी थापायला बसले आणि आईला काही विचारलं की ते कॉटवरून ओरडत, “कित्याक तोंड चालवतंस? हात बघ तिचे.” आई हसायची आणि पीठ जरा माझ्या बाजूला सरकवायची.

ही पद्धत ते माझ्या शाळेला मात्र लावत नसत. चौथीत असताना घटक चाचणीत मी शेजारच्या मुलीचं गणित बघून लिहिलं. बाईंनी चिठ्ठी पाठवली. वडिलांना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती मलाच मोठ्यानं वाचायला लावली. मी वाचली. बदलून वाचावी एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. चिठ्ठी संपल्यावर त्यांनी पट्टी काढली.

“दुसऱ्याचां बघून लिवलंस?”

“तुम्हीच म्हणता, बघून शिक.”

“शिक म्हटलंय. चोर म्हटलां नाय.”

पितळेच्या कडेनं मारलं तर वळ वेगळा उठतो. तो डाव्या मनगटावर आठ दिवस होता. शाळेत मी तो बाहीखाली ठेवला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडलं त्याचा हा आधीचा भाग आहे, तो वगळला तर पुढचं वाचणाऱ्याला माझी बाजू फार चांगली वाटेल.

मिल बंद झाली. वडील घरी बसले. पहिल्यांदा पापलेट गेलं, मग बांगडा गेला, मग आठवड्यातून पाच दिवस कुळथाची पिठी आणि दोन दिवस सुकट असं ठरून गेलं. सुकट भाजली की कॉरिडॉरभर वास सुटे आणि प्रत्येक दारातून तोच वास येत असल्यामुळे कोणी नाक मुरडत नसे. वडील दिवसभर खोलीत असत. एवढ्या जागेत त्यांचा मोठा आवाज, त्यांचं कॉटवर कूस बदलणं, भिंतीकडे तोंड करून बसणं, याची आम्हाला सवय नव्हती. आई आणि ते यांच्यातलं ओठांचं बोलणंही थांबलं. खासगी असं काही उरलं नव्हतं. भांडणं सगळी मोठ्यानंच होत.

समोरच्या खोलीतले तात्या परळच्या एका पतपेढीत शिपाई होते. ते त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि आपल्या जागी वडिलांना घ्या म्हणून त्यांनी शब्द टाकला होता. एका दुपारी ते आमच्या उंबऱ्यात येऊन बसले.

“हेडक्लार्क म्हणाले, माणूस तुमचा आहे तर हरकत नाही. पण वाचता यायला हवं. दहा पाकिटं समोर ठेवतील. वरचं नाव वाचायचं. सभासदांची पत्रं वाटायची असतात ना, चुकली तर बोंब होते.”

“मराठीच ना?” आईनं विचारलं.

“मराठीच. दीड महिना आहे. पहिलीतलं पोर शिकतं, ह्याला काय झालंय? साचा चालवायचा तो दोन दोन.”

आई चौथी शिकलेली होती. शिकवायला तीच योग्य होती. पण बायकोसमोर पुस्तक घेऊन बसायला वडिलांनी साफ नकार दिला. तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, उठले, खिळ्यावरची पट्टी काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

“शाळेत बाई करतत तसांच कर. नायतर माका येवचां नाय.”

त्यांना शाळेबद्दल एवढंच माहीत होतं. मलाही फारसं जास्त माहीत नव्हतं. आमच्या बाई फळ्यावर लिहीत, सगळा वर्ग एका सुरात म्हणे, आणि ज्याचं तोंड हललं नाही त्याला पट्टी बसे. म्हणून आम्ही सगळेच तोंड हलवत असू, येत असो वा नसो. ती सवय इतकी मुरली होती की मनात वाचतानाही माझे ओठ हलत.

संध्याकाळी दिवा लागला की आम्ही समोरासमोर बसायचो. मध्ये पाट. पाटावर माझं जुनं पहिलीचं पुस्तक, त्यांच्याकडे तोंड करून उघडलेलं. मला ते उलटं दिसायचं, म्हणून मी उलटं वाचायला शिकले. पुढे बातमीदारीत हे कौशल्य मला कोणत्याही पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. साहेबाच्या टेबलावर पडलेला कागद समोर बसून वाचता येतो आणि साहेबाला कळत नाही.

पहिले दोन आठवडे त्यांना काही आलं नाही. क म्हटलं तर क म्हणत, पान उलटलं की गेलं. मी पट्टी वापरली. सुरुवातीला बोटांवर, हळू. मग हळू नाही. त्यांच्या हातांना घट्टे होते, आवाज येई पण हात हलत नसे, आणि तो हलत नाही याचा मला राग येई. मी बाईंचे शब्द वापरले. “लक्ष कुठे आहे?” “किती वेळा सांगायचं?” “हे पहिलीतल्या पोरांना येतं.” ते खाली मान घालून ऐकत. आई चुलीकडून एकदा म्हणाली, “पुरे गो, बाप आहे तुझा.” वडील म्हणाले, “तू मध्ये पडू नको.” मला ते माझ्या बाजूनं बोलले असं वाटलं. त्या संध्याकाळी मी जेवताना दोनदा भात घेतला, हे मला आठवतं. मी सुखात होते. या गोष्टीला दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना यायला लागलं. आधी दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी, मग जोडाक्षरं. मी कुठेही बोट ठेवलं तरी ते थोडं थांबत, वर बघत, आठवल्यासारखं करत आणि बरोबर सांगत. मी पुस्तक बदललं, दुसरीचं आणलं, तेही आलं. मी तात्यांना बोलावून दाखवलं. तात्या म्हणाले, “पोरीनं चमत्कार केला.” वडील पाटासमोरून उठले आणि बाहेर गेले.

एकच दिवस बिघडला. माझी दाढ सुजली होती आणि आईनं लवंगेचं तेल लावून नाकाखालून हनुवटीपर्यंत फडकं बांधलं होतं. त्या संध्याकाळी वडिलांना एकही शब्द वाचता आला नाही. आदल्या दिवशी घडाघडा वाचलेलं पान त्यांच्यासमोर कोरं झालं. मला ती नाटकं वाटली. सगळ्यात जास्त पट्टी त्यांनी त्या दिवशी खाल्ली, पितळेच्या कडेनं. दाढ बरी झाली, फडकं सुटलं आणि त्यांना पुन्हा वाचता यायला लागलं. मी त्याचं श्रेय पट्टीला दिलं.

शिक्षणावरच्या बातम्या मी पुढे बरीच वर्षं केल्या. मुलं कशी शिकतात आणि मोठी माणसं कशी शिकतात यावर सभागृहांत चालणारी भाषणं मी पोटासाठी ऐकली. पडद्यावर चित्रं येतात, बाण येतात, मूल खेळातून शिकतं, प्रौढ अनुभवातून शिकतो, प्रत्येकाची आपली गती असते. मग चहा आणि बटाटेवडा. यातलं खोटं काही नसेल. पण शिकणारा माणूस शिकवणाऱ्याला पुरतं ओळखून असतो आणि जे मागितलं जातं तेवढंच पुढे करतो, हे त्या पडद्यावर मी कधी पाहिलं नाही. माझ्या वडिलांकडे मी शब्द मागत होते. ते मला शब्द देत होते.

ठरलेल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि दारात थांबून मला म्हणाले, “चल.”

“तिला कशाला?” आई म्हणाली.

“शाळा नाय आज तिची.”

शाळा होती. दुपारची होती, पण होती.

पतपेढी पहिल्या मजल्यावर होती. हेडक्लार्क सडपातळ, चष्मेवाले, नम्र गृहस्थ होते. त्यांनी वडिलांना बसायला सांगितलं, वडील उभेच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मुलगी का आणलीत?”

“घराक कोण नाय, सायेब. हय रवांदे. तुमच्या बाजूक.” आणि त्यांनी मला खांद्याला धरून टेबलाच्या पलीकडे, हेडक्लार्कच्या खुर्चीशेजारी नेऊन उभं केलं. घरात आई होती.

हेडक्लार्कनी ड्रॉवरमधून दहा पाकिटं काढली. पहिलं वडिलांकडे तोंड करून टेबलावर ठेवलं. वडिलांनी ते बघितलं, थोडे थांबले, वर बघितलं आणि वाचलं, “सावंत, गणपत विठ्ठल.” बरोबर होतं. दुसरं. थांबले, वर बघितलं, वाचलं. बरोबर. तिसरं जोडाक्षरांचं होतं, तेही बरोबर. हेडक्लार्कनी मान डोलावली. मला शर्यत जिंकत असल्यासारखं वाटत होतं आणि मी टेबलाच्या कडेला टेकून उलट्या बाजूनं प्रत्येक नाव त्यांच्याबरोबर वाचत होते.

चौथं पाकीट ठेवलं तेव्हा मी पाकिटाऐवजी त्यांच्याकडे बघितलं. ते पाकिटाकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

हे लक्षात यायला एक क्षण लागला. मग लवंगेचं फडकं, वर बघणं, आठवल्यासारखं करणं, तात्यांसमोरून उठून जाणं, सगळं जागच्या जागी बसलं. महिनाभर ते वाचत होते, हे खरं होतं. पुस्तक वाचत नव्हते.

त्या खोलीत पंखा होता, टाईपरायटर चालू होता, कोणीतरी बशीत चहा ओतून पीत होतं. चौथ्या पाकिटावर ‘पालव, सुमन अर्जुन’ असं नाव होतं. ते मला आजही उलटं दिसतं. वडील थांबले होते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते आणि त्यांत विनंती नव्हती. साच्यावर पलीकडच्या माणसाकडे बघावं तसं ते बघत होते, कामाचं. मी ओठ आत घेतले आणि दातांखाली धरले.

मी हे प्रामाणिकपणासाठी केलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पतपेढीच्या सभासदांची पत्रं चुकतील याची मला काळजी नव्हती. मला फसवलं होतं. माझी शिकवणी फसवी होती आणि तिचा मला गर्व झाला होता. आणि माझ्या मनगटावर एकदा आठ दिवस वळ होता, याच गोष्टीसाठी. ही नोकरी मिळाली तर घरात बांगडा येईल हेही मला माहीत होतं. सगळं माहीत असताना मी ओठ मिटून धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

“हं?” हेडक्लार्क म्हणाले.

वडील पाकिटाकडे वळले. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. “उजेड कमी आसा,” म्हणाले. हेडक्लार्कनी उठून खिडकी उघडली. पाचवं पाकीट ठेवलं, सहावं ठेवलं. सातव्यानंतर त्यांनी बाकीची उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. “पहिली तीन छान वाचलीत,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर चांगुलपणा होता. त्यामुळे ते आणखी वाईट झालं.

नायगावपर्यंत आम्ही चालत आलो. ते माझ्या चार पावलं पुढे होते. मी मार कुठे बसेल याचा हिशोब करत होते, घरी की जिन्यात. तो बसला नाही. आईनं विचारलं, “काय झालं?”

“तीन वाचली,” वडील म्हणाले. कॉटवर बसले, शर्ट काढला आणि घडी घालून तिच्याकडे दिला. मग खिळ्यावरची पट्टी काढली. मी भिंतीला टेकले. त्यांनी ती खिडकीच्या सैल फटीत घातली आणि वरवंट्यानं ठोकून बसवली. ती खिडकी वाऱ्यानं वाजायची, ती त्या दिवसापासून वाजायची थांबली. चाळ पुनर्विकासात पाडली तेव्हा पट्टी तिथेच होती. मी काढून घेतली नाही.

नंतर त्यांनी दादरच्या मार्केटात भाजीच्या गोणी उतरवल्या, पाठ गेल्यावर एका इमारतीत वॉचमन झाले. वाचायला ते शिकले नाहीत. मला त्यांनी पुन्हा कधी मारलं नाही, आणि कामापुरतं सोडून काही बोलले नाहीत. आई बरीच वर्षं म्हणत राहिली की परीक्षेला ते घाबरले होते, म्हणून तुला सोबत नेलं, बाप लबाड नव्हता. असेल. सोबतीला नेलेलं माणूस कोणी टेबलाच्या पलीकडे उभं करत नाही, असं माझं मत आहे. दोन्ही बाजू दिल्या.

पुढे मी वर्तमानपत्रात लागले. मला तिथे कोणी शिकवलं नाही. संपादकाच्या काचेच्या केबिनमध्ये काय बोललं जातं ते मी बाहेर बसून बघायचे. माझी बदली, माझी बढती, माझ्याबद्दलचं वाईटसाईट मला इतरांच्या आधी कळत गेलं. सहकाऱ्यांना वाटे माझं कोणीतरी आत आहे. माझ्या धंद्यात जे मला खरोखर उपयोगी पडलं ते त्या एका खोलीतून आलं होतं, न विचारता, न सांगता. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मला ते कबूल करायचा राग येतो, अजूनही.

बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. वडील परळच्या इस्पितळात होते. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि नळीमुळे आवाज बंद होता. आई खाली चहा प्यायला गेली होती. तरुण डॉक्टरनं आईला कळावा म्हणून मराठीत लिहिलेला रिपोर्ट मला दिला आणि पुढच्या खाटेकडे गेला. वडिलांना सांगायचं नाही असं आईनं बजावलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून कागद माझ्याकडे वळवला, त्यांना दिसणार नाही असा, आणि शेवटपर्यंत वाचला. कुठपर्यंत पसरलंय, किती दिवस, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर वर बघितलं.

ते कागदाकडे बघत नव्हते.

कागद मी लपवला होता. तोंड लपवायचं राहिलं होतं. त्यांनी सगळं वाचलं होतं, एक शब्द न गाळता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तो जुना कामाचा भाव होता. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण त्यांना तो कधी लागतच नव्हता आणि मलाही नाही.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “ओठ बरे मिटून धरलेस.”